बंब येईल, पण पाणी कुठे भरेल? इंदूर जिल्ह्याच्या कलेक्टरांना आणि सरपंचांना खुले पत्र

प्रति,
मा. कलेक्टर, इंदूर,
मा. मुख्य कार्यपालन अधिकारी, जिल्हा पंचायत, इंदूर,
आणि इंदूर, महू, सांवेर व देपालपूर या चारही जनपदांतले (तालुका पंचायतींतले) सरपंच आणि सचिव.

विषय : गावात आग लागल्यावर बंबाला पाणी भरता येईल अशा जागा तयार करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार वि. वि.

होळी झाली की माळव्यात गहू कापणीला येतो, दुपारचा वारा सुटतो आणि पुढचे काही आठवडे उभ्या पिकाला, नरवाईला (कापणीनंतर शेतात उरलेल्या धसकटांना), भुशाच्या ढिगांना आगी लागत राहतात. मोठी आग झाली की मागणी एकच असते : आमच्या गावाला स्वतःचा बंब द्या. मागणी चूक नाही. पण बंब आल्यावर पहिली दहा मिनिटे संपली की काय, हे मागणारेही विचारत नाहीत आणि मंजूर करणारेही नाहीत. हे पत्र त्या अकराव्या मिनिटाबद्दल आहे.

(याची हिंदी प्रत वेगळी दिली आहे. मराठीत लिहिले ते शहरातल्या त्या घरांसाठी, ज्यांची शेती, गोदामे किंवा फार्महाऊस सांवेर-देपालपूरकडे आहेत. टँकर, विहीर आणि तळे त्यांच्याकडेही असतेच.)

नेहमी दिसणाऱ्या बंबाची टाकी ४,५०० लिटरची असते. २० मिलिमीटरच्या नोझलमधून ५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाने मिनिटाला साधारण ६०० लिटर पाणी जाते, म्हणजे साडेसात मिनिटांत टाकी कोरडी. १५ मिलिमीटरचे नोझल लावून दाब ४ किलोवर ठेवला तर ३०० लिटर, म्हणजे पंधरा मिनिटे. आता गरज किती ते पाहा. पूर्ण पेटलेल्या छपराखाली दर चौरस मीटरला मिनिटाला १३-१४ लिटर पाणी लागते, हा अग्निशमनातला जुना ठोकताळा. १० मीटर बाय ६ मीटरच्या घराला हा हिशेब ८०० लिटरच्या घरात जातो. म्हणजे भरलेला बंब साडेपाच मिनिटे पुरतो. त्यानंतर तो फक्त लाल रंगाचा ट्रक.

शहरात पुढचे पाणी जवळ असते. गावात हायड्रंट (बंब भरायचा रस्त्यावरचा मोठा नळ) नाही आणि होणारही नाही. नळजल योजनेच्या गल्लीतल्या नळ्या पिण्याच्या पाण्याच्या हिशेबाने टाकलेल्या बारीक नळ्या, त्यांना पाणी दिवसातून तास-दोन तास. त्यांच्यावर हायड्रंट बसवला तर तो फक्त दिसायला हायड्रंट असेल.

यात एक कायद्याचीही गंमत आहे. अग्निशमन हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे नगरपालिकांकडे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत तो नाही. त्यामुळे ‘आग आमच्याकडे येत नाही’ असे पंचायत म्हणू शकते. पण त्याच २९ विषयांत लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि पिण्याचे पाणी आहे. आग तुमची नसेल, पाणी तुमचे आहे. आम्ही तेवढेच मागतो आहोत.

आता फेऱ्यांचा हिशेब. टँकर किती पाणी ‘देतो’ हे त्याच्या टाकीवर नव्हे, पूर्ण फेरीला लागणाऱ्या वेळेवर ठरते. टाकीतले पाणी गुणिले ०.९ (सांडणारे आणि तळाशी उरणारे वजा), भागिले भरणे, नेणे, ओतणे, परतणे आणि जोडाजोडीची मिनिटे. गावातला ट्रॅक्टरचा टँकर ५,००० लिटरचा धरू. आग पाण्यापासून ४ किलोमीटरवर आहे आणि ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने जातो : जाऊन-येऊन २४ मिनिटे. तो ५ हॉर्सपॉवरच्या बोअरवर भरला, पाणी ६० मीटर खालून येत असेल, तर मिनिटाला १८०-१९० लिटर, म्हणजे भरायला २७ मिनिटे. तीन इंची व्हॉल्व्हने ओतायला १३. जोडाजोडीला ३. एकूण ६७ मिनिटे. म्हणजे हा टँकर आगीला मिनिटाला जेमतेम ६७ लिटर देतो. १५ मिलिमीटरचे एक नोझल सलग चालवायला असे साडेचार टँकर लागतील.

तोच टँकर, तोच चालक, तेच अंतर ठेवा. फक्त भरायला ७ मिनिटे आणि ओतायला ४ मिनिटे लागतील अशी सोय करा. फेरी ३८ मिनिटांवर येते, पुरवठा ११८ लिटरवर. पाण्याची जागा एका किलोमीटरवर असेल तर फेरी २० मिनिटांची आणि पुरवठा २२५ लिटर. नवे वाहन एकही न घेता तिपटीहून जास्त पाणी. बंबापुढे नारळ फोडता येतो, पाइपापुढे कोणी फोडत नाही. एवढ्याच कारणाने हा खर्च दरवेळी मागे पडतो, असा आमचा समज आहे.

ओतण्याचे आधी सांगतो, कारण ते सर्वांत स्वस्त आहे. टँकरवर निधी देणाऱ्याचे नाव फूटभर अक्षरांत असते आणि मागचा व्हॉल्व्ह असतो दोन किंवा तीन इंची. टाकीत पाण्याची उंची सव्वा मीटरच्या आसपास धरली तर ५,००० लिटर दोन इंची तोंडातून उतरायला जवळजवळ अर्धा तास लागतो, तीन इंचीतून १३ मिनिटे, सहा इंचीतून ३ ते ४ मिनिटे. व्यास दुप्पट केला की वाट चौपट होते, त्याचा हा परिणाम. मागच्या पत्र्याला सहा इंची झडप किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह लावणे हे कोणत्याही ट्रॉली बनवणाऱ्या वेल्डरचे एका दिवसाचे काम आहे. जुना व्हॉल्व्ह काढू नका, तो लग्नाकार्याच्या पाण्याला लागतो. एवढ्या तोंडाने पाणी सोडताना वरचे झाकण उघडे हवे. बंद राहिले तर टाकीत हवा शिरत नाही, पाणी गुडगुडत येते आणि पातळ पत्रा आत चेपतो. आणखी एक : टाकीत आडवे पडदे आहेत का, ते आत डोकावून बघा. पडदे नसलेला अर्धा भरलेला टँकर वळणावर ट्रॅक्टरलाच ढकलतो. आगीकडे धावताना टँकर उलटतात ते बहुधा यामुळे, म्हणून टँकर पूर्ण भरूनच निघावा किंवा रिकामा परतावा. अर्धवट भरून घाई करू नये.

ओतायचे कशात? इथे एक नेहमीची चूक होते. टाकी संपली की बंबच पाण्याला पाठवतात. तो तासाभराने परत येतो तोवर आग पहिल्यापेक्षा मोठी झालेली असते. बंबाचा पंप आगीवरून हलता कामा नये, पाणी टँकरने त्याच्याकडे यावे. त्यासाठी बंबाजवळ मातीने भरलेल्या पोत्यांचे ४ मीटर बाय ४ मीटरचे आळे करा, उंची ६० सेंटिमीटर, आत जाड सिलपोलिनची ताडपत्री. यात ९,५०० लिटर मावतात. टँकर आला, सहा इंची झडप उघडली, चार मिनिटांत निघून गेला. बंब आळ्यातून शोषून आगीवर मारत राहतो. ताडपत्री घेताना लक्षात ठेवा : तळ ४, दोन्ही भिंती मिळून १.२ आणि पोत्यांवरून बाहेर दुमडायला थोडी, म्हणजे ६ बाय ६ मीटरपेक्षा लहान नको. खाली खुंट किंवा धसकटे राहिली तर ती पहिल्या टँकरलाच फाटते. गव्हाच्या शेतात धसकटे असणारच, म्हणून आधी जागा फावड्याने खरवडून घ्यावी.

भरण्याकडे वळू. बोअर हे आगीच्या कामाचे साधन नाही. एक तर धार बारीक. दुसरे, आग लागली की पहिला फोन सबस्टेशनला करून फीडर (त्या भागाची वीजवाहिनी) बंद करायला सांगावेच लागते, कारण लोंबत्या तारांखाली पाणी मारणे म्हणजे जीव देणे. फीडर बंद झाला की त्या पट्ट्यातल्या सगळ्या मोटारी बंद. शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते, ते वेगळेच.

पण टँकर भरायला दाब लागतच नाही. दाब लागतो तो आगीवर पाणी फेकायला, ७ किलो वगैरे. टँकर भरायला दहा-बारा मीटरचा उठाव पुरे आणि धार मोठी हवी. शेतातले ५ हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन, तीन इंची पंप, पाणी दोन-तीन मीटर खाली : मिनिटाला ७०० लिटर निघतात, म्हणजे ५,००० लिटरला ७ मिनिटे. असे इंजिन प्रत्येक गावात कुणाच्या तरी गोठ्यात पडून असते. अडते तीन गोष्टींवर : फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या बुडाची एकतर्फी झडप) गळका, सक्शनला, म्हणजे शोषायच्या बाजूला, चपटा निळा पाइप लावलेला (तो डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर सोडायचा आहे, शोषताना चिकटून बसतो), आणि इंजिन पाण्यापर्यंत नेण्याची वाट नसणे.

वाटेचा प्रश्न खरा मोठा. ‘पग-पग रोटी, डग-डग नीर’ म्हणणाऱ्या माळव्यात एप्रिलात पाणी कुठे असते? अनेक विहिरींची पातळी सात-आठ मीटरच्या खाली गेलेली असते, तिथे वरून शोषणारा कुठलाच पंप चालत नाही. हायड्रंट नसलेल्या भागाचे खरे हायड्रंट म्हणजे तळी, स्टॉप डॅम, शेततळी, यशवंत सागर धरणाचा काठ, चंबळ-गंभीरचे डोह. खान नदी शहराचे सांडपाणी घेऊन सांवेरकडे जाते म्हणून उन्हाळ्यातही आटत नाही. आगीला तिचे पाणी चालते, फक्त नंतर पंप आणि होज स्वच्छ पाण्याने धुवा आणि नोझल धरणाऱ्यांनी हात-तोंड साबणाने धुवावे. अमृत सरोवर (केंद्राच्या योजनेतले गावतळे) २०२२च्या त्या योजनेनुसार किमान एक एकराचे आणि १०,००० घनमीटरचे, म्हणजे एक कोटी लिटरचे. उन्हाळ्यात त्यात दहावा हिस्सा उरला तरी दहा लाख लिटर होतात, सव्वादोनशे बंब भरतील एवढे. पाणी आहे. अडचण काठावरच्या काळ्या मातीची. भरलेला बंब दहा टनांच्या पुढचा, आणि तळ्याची ओल चढलेली माळव्याची काळी माती म्हणजे लोणी. एकदा चाक आत गेले की आगीचे काम संपले, बंब काढण्याचे सुरू.

म्हणून आमची मुख्य मागणी : पाण्यापर्यंत बंब नेऊ नका, रस्त्यापर्यंत पाण्याची नळी आणा. तळ्यात कायम बुडालेला सक्शन पाइप, रस्त्यालगत त्याचे तोंड. आत पाणी फक्त तळ्याच्या पातळीपर्यंत असते, पुढचे बंबाने किंवा इंजिनाने जोडून शोषायचे. खर्च पाइप, खोदाई आणि मुरमाचा. पण चुकीचा टाकला तर पहिल्या दिवसापासून निकामी, म्हणून मापे नीट सांगतो.

आधी उंची. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाणी १०.३ मीटरपर्यंत ढकलू शकतो. इंदूर ५५० मीटरवर आहे, इथे ते ९.७ मीटरच होते. उन्हाळ्यातले कोमट पाणी त्यातले अर्धा मीटर खाते. पाइपातले घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज काढली की हातात सहा मीटर उरतात आणि तेवढ्यावर पंप कण्हत चालतो. पंपाच्या पाटीवर लिहिलेले लिटर साधारण ३ मीटर उपशावर मोजलेले असतात. तेव्हा तोंडापासून एप्रिलअखेरच्या पाण्यापर्यंतची उभी उंची साडेचार मीटरच्या आत ठेवा. पावसाळ्यातली पातळी पाहून जागा ठरवणारे इथेच फसतात.

पाइप १५० मिलिमीटर, १०० नको. मिनिटाला १,५०० लिटर ओढताना ३० मीटर लांबीत १५०च्या पाइपात सुमारे ०.४ मीटर उंची घर्षणात जाते, १०० मिलिमीटरच्यात तब्बल ३ मीटर. साडेचार मीटर चढ आणि त्यावर तीन मीटर घर्षण म्हणजे पाणी येणारच नाही. पीव्हीसी ६ किलो दर्जाचा घ्या. शेतात टाकतात तो २.५ किलोचा पातळ पाइप उन्हात मऊ पडून निर्वातात चेपतो. जमिनीत तो मीटरभर खोल, आणि बाहेर दिसणारा सगळा भाग लोखंडी, कारण तळ्याच्या काठची नरवाई पेटली की प्लास्टिकचे तोंड तिच्याबरोबर जाते. वळणे दोनपेक्षा जास्त नकोत आणि ती ४५ अंशांची. पाइप पाण्यापासून तोंडापर्यंत सतत चढता हवा. मध्ये उंटाची पाठ आली की तिथे हवा अडकते आणि पंप पाणी सोडतो. खोदणारा दगड लागला म्हणून पाइप थोडा उचलून घेतो, आणि नंतर पंपवाला बिचारा वॉशर बदलत बसतो.

पाण्यातल्या टोकाला भोकांची जाळी. सगळ्या भोकांचे क्षेत्रफळ मिळून पाइपाच्या चौपट असावे, १५० मिलिमीटरला १० मिलिमीटरची सुमारे ९०० भोके. जाळी तळापासून ६० सेंटिमीटर वर (नाहीतर गाळ ओढते) आणि उन्हाळ्यातल्या पातळीच्या ६० सेंटिमीटर खाली (नाहीतर भोवरा होऊन हवा ओढते). टोकाला काँक्रीटचा ठोकळा बांधा, नाहीतर हवा राहिलेला पाइप तरंगून वर येतो. रस्त्याच्या बाजूला तोंड जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच, त्याला बंबाचेच १०० मिलिमीटर आट्यांचे सक्शन कपलिंग. हे बाजारातून अंदाजाने आणू नका. ज्या केंद्रातून तुमच्याकडे बंब येतो त्यांच्या होजवर फिरवून बघा. आट्या जुळल्या नाहीत तर वरचा सगळा खर्च तळ्यात. डिझेल इंजिनासाठी तीन इंची अडॅप्टर तिथेच साखळीने टांगा. समोर १२ बाय ४ मीटर मुरूम-खडी दाबून घ्या. टँकर एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघेल अशी वाट असेल तर फारच छान, कारण गल्लीत समोरासमोर आलेले दोन ट्रॅक्टर ही आमच्या मते गावातल्या आगीची सर्वांत दुर्लक्षित अडचण आहे.

पहिल्यांदा जोडल्यावर पाणी आले नाही तर दहातले नऊ वेळा दोष हवेचा असतो : कपलिंगातला रबरी वॉशर सुकलेला, चिरलेला किंवा नाहीच. शोध सोपा आहे. तोंड बंद करून प्राइमरने (बंबावरच्या हवा काढणाऱ्या पंपाने) ५६० मिलिमीटर पाऱ्याचा निर्वात ओढा आणि इंजिन बंद करा. पाच मिनिटांत काटा २५० मिलिमीटरपेक्षा जास्त पडला तर गळती आहे. सांध्यांवर साबणाचे पाणी टाका, ते जिथे आत खेचले जाते तिथे दोष. पाणी येत असूनही पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागला तर तो जास्त ओढतो आहे : थ्रॉटल (इंजिनाचा वेग) कमी करा, लोक नेमके उलटे करतात. तळे फारच उतरले असेल तर कायमच्या पाइपाचा नाद सोडून सुटी सक्शन होज टाका. जाळीवर दोन रिकामे, घट्ट झाकणाचे २० लिटरचे कॅन बांधले की ती गाळात बसत नाही. भोवरा होऊ लागला तर वर लाकडी फळी तरंगत सोडा. साधा उपाय आहे, पण हमखास चालतो.

जिथे तळे नाही तिथे नळजलची उंच टाकी. १२ मीटर उंच टाकीच्या पायाशी १०० मिलिमीटरची वेगळी उतरती नळी काढून व्हॉल्व्ह आणि ६३ मिलिमीटरचे कपलिंग लावले तर विजेशिवाय मिनिटाला हजार लिटर सहज मिळतात, बंब पाच मिनिटांत भरतो. गावाला पाणी देणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या आत थोडे उंच घेतले की तळाशी ९,००० लिटर, म्हणजे दोन बंब, कायम राखीव राहतात. मात्र भरणारी नळी तळापर्यंत नेली पाहिजे, म्हणजे ते पाणी रोज हलते आणि कुजत नाही. हा बदल टाकी बांधतानाच स्वस्त पडतो. ज्या गावांच्या टाक्या अजून बांधायच्या आहेत तिथल्या आराखड्यात तो आजच घालता येईल.

उभ्या गव्हाच्या आगीबद्दल थोडेच. तिथे पाण्यापेक्षा वेग आणि नांगर. वाऱ्याच्या पुढे ट्रॅक्टरने पट्टा मोडायचा आणि कडेने मागून येणाऱ्याने फवारायचे. औषध मारायचा ट्रॅक्टरवरचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप मिनिटाला ३० लिटर धरला तर ५०० लिटरची टाकी सोळा मिनिटे चालते, आणि कडेची आग विझवायला एवढी धार पुरते. टाकीत कीटकनाशकाचे उरलेले पाणी असेल तर ते आधी काढून टाका, आगीवर मारू नका. धुरात त्याचे तुषार मिसळले की विझवणाराच आडवा होतो.

आमचे म्हणणे असे की पुढच्या होळीच्या आधी चारही जनपदांत प्रत्येकी पाच पाण्याच्या जागा अशा तयार व्हाव्यात, आणि प्रत्येक पंचायतीने एका पानावर तिच्या हद्दीतल्या जागा लिहून अग्निशमन केंद्राला द्याव्यात : जागा, एप्रिलातली पातळी, रस्त्याची रुंदी, पुलावरून किती वजन जाते, इंजिन कोणाचे, रात्री फोन कोणाला. दर फाल्गुनात एकदा बंब बोलावून त्या तोंडावर प्रत्यक्ष पाणी ओढून बघावे, आणि काम झाल्यावर त्याच पाइपातून उलटे पाणी सोडून जाळी मोकळी करावी. ही चाचणी कागदावर करू नये, कारण वॉशर कागदावर गळत नाही.

तोंडाच्या झाकणाला कुलूप लावू नका, किल्ली नेमकी भोपाळला गेलेल्या माणसाच्या खिशात असते. साखळी पुरे. झाकण पितळी मात्र नको, ते महिनाभरात भंगारात जाते. बिडाचे घ्या.

आपले,
पंप, पाइपलाइन आणि अग्निशमनाच्या कामातले इंदूरचे काही मराठी तंत्रज्ञ